डोंगर दिसत नाही

आमच्या घरी उत्तरेला उत्तर म्हणत नाहीत. डोंगराकडे म्हणतात. डोंगराकडचं वावर, डोंगराकडची खिडकी, डोंगराकडून आलेला पाऊस. अंजनगाव सुर्जीहून परतवाड्याला जाताना डाव्या हाताला जो निळा पट्टा सतत सोबत चालतो, तो आमचा डोंगर. भूगोलाच्या पुस्तकात त्याचं नाव सातपुडा, त्यातल्या या रांगेचं नाव गाविलगडचे डोंगर. गावात कुणी एवढं लांबलचक नाव घेत नाही.

आईला घड्याळापेक्षा डोंगर जास्त कळतो. पावसाळ्यात सकाळी उठून ती आधी मागच्या दारात जाते आणि तिकडे बघते. डोंगर जवळ आल्यासारखा दिसला, त्यावरची झाडं वेगवेगळी ओळखू आली, की म्हणते, "आज येते पाणी." डोंगर अर्धा दिसला तर निंदणाच्या बायकांना निरोप जातो, लवकर या. आणि डोंगर दिसेनासाच झाला तर वावरात कुणी थांबत नाही.

मी मात्र त्याच्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. तो होता, बस्स. घराच्या मागच्या भिंतीकडे आपण कुठे रोज बघतो?

डोंगर म्हणजे काय ते मी पुण्यात शिकले. नोकरी लागली, पहिल्याच पावसाळ्यात ऑफिसातल्या ग्रुपबरोबर कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक केला आणि वेड लागलं. मग राजगड ते तोरणा. दोन किल्ल्यांना जोडणाऱ्या त्या धारेवरून चालताना एकीकडे दरी, दुसरीकडेही दरी आणि मधे आपण, हे जे काही वाटतं ते मला दर शनिवारी हवंसं झालं. चार वर्षांत चांगले बूट आले, सॅक आली, गुडघ्याचे पट्टे आले. ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की त्याला सूचना देणाऱ्यांत माझा नंबर लागायला लागला.

अशाच एका ट्रेकला चहा पिताना कुणीतरी सहज विचारलं, "तुमच्या विदर्भात डोंगर आहेत का गं?" मी तावातावाने फोन काढला आणि गाविलगडाचे फोटो दाखवले. सगळे इंटरनेटवरचे. माझा स्वतःचा एकही नव्हता. चिखलदऱ्याला मी एकदाच गेले होते, सातवीच्या सहलीत. भीमकुंड बघितलं, एका पॉइंटवर रांगेत उभं राहून दरी बघितली, रबडी खाल्ली आणि परत येताना घाटात बसमध्ये ओकले. ज्या डोंगराकडे आमच्या घराची खिडकी उघडते, त्यावर मी एक किलोमीटरसुद्धा चाललेली नव्हते.

म्हणून गेल्या वर्षी श्रावणात चार दिवस घरी गेले तेव्हा ठरवलं, गाविलगडाची तटबंदी कडेकडेने चालायची. अगदी दक्षिणेच्या टोकापर्यंत जायचं. तिथून खाली आपलं गाव दिसतं का बघायचं.

बहिणीची मुलगी आठवीत आहे, ती माझ्यामागे लागली. तिची कल्पना माझ्यापेक्षा भारी होती. तिने शाळेत वाचलं होतं की आरशाने उन्हाचा कवडसा पाडून लांब खूण करता येते. तिने आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, पावडरच्या डब्यातला छोटा आरसा काढून घेतला. "आजी, तू वावरात राहाजो. मी वरतून चमकावतो. तुले दिसंल."

आई म्हणाली, "चमकाव. पण डोंगर उतरून वेळेवर येजो."

परतवाड्याहून चिखलदऱ्याची एसटी घाट चढायला लागली की अर्ध्या तासात हवा बदलते. खाली घामाने पाठ सीटला चिकटलेली असते आणि वर लोक स्वेटर शोधायला लागतात. परतवाडा-अचलपूरचा सपाट भाग समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. म्हणजे सातशे मीटरहून जास्त उंचीची भिंत सरळ मैदानातून उभी आहे. सह्याद्रीत आपण डोंगरातून डोंगरात जातो. इथे पऱ्हाटीच्या वावरातून थेट भिंतीवर चढायचं.

गाविलगड चिखलदऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर. गवळ्यांची गढी म्हणून गाविलगड, असं सांगतात. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा वली याने तो दगडात बांधून काढला, पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीत तो वाढला आणि शेवटी नागपूरकर भोसल्यांकडे आला. आता तो मेळघाटच्या जंगलाचा भाग आहे.

वाटेवरच्या चौकीत एक वही होती. रेघा मारलेली साधी वही. नाव, गाव, माणसं किती, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, सही. मी गावाच्या रकान्यात अंजनगाव लिहिलं, माणसं दोन, वेळ साडेबारा. वहीजवळ बसलेले काका पन्नाशीच्या पुढचे, कोरकू. त्यांनी आधी माझ्या बुटांकडे बघितलं, मग भाचीच्या सँडलकडे.

"चार के पहले वापस आना बाई. बादल बैठ गया तो रस्ता नहीं दिखता."

"हो काका, सवय आहे," मी म्हणाले. हे वाक्य मला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

किल्ला आत गेल्यावर कळतो तो आवाजाने. बाहेरच्या गाड्या, मक्याची कणसं भाजणारे, सेल्फीवाले, सगळं दोन दरवाजे ओलांडले की बंद होतं. दरवाज्यांवरची शिल्पं भाचीला फार आवडली. दोन डोक्यांचा पक्षी आणि त्याने पकडलेले हत्ती. हा गंडभेरुंड, दक्षिणेकडचा. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला मूळचा विजयनगरचा, लहानपणी युद्धात पकडून आणलेला, असं फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. त्याने आपल्या मुलखातली खूण सोबत आणली असावी असं अभ्यासकांना वाटतं. वऱ्हाडातल्या डोंगरावर कानडी पक्षी. भाचीने त्याचे सहा फोटो काढले.

पुढे तलाव लागले, गवतात बुडालेली मोठी मशीद लागली आणि मग आम्ही तटबंदी धरली. इथून खरी मजा सुरू झाली. उजवीकडे तीन-चार फूट रुंद पडका तट, त्याच्या पलीकडे काहीच नाही. डावीकडे कमरेएवढं गवत. मधे एक पायवाट, गुरांनी केलेली असावी. ढग वर होते, पण मधून मधून फाटत होते. आणि एका वळणावर ते पूर्ण फाटले.

खाली सगळं वऱ्हाड होतं.

हे मी कसं लिहू कळत नाही, कारण तिथे काहीच नव्हतं. शिखर नाही, धबधबा नाही. फक्त हिरवे-काळे चौकोन, एकाला एक लागून, पार धुरकट होईपर्यंत. मधे एक-दोन ठिकाणी पाणी चमकत होतं. कुठलं तरी धरण असणार. सापन, चंद्रभागा, शहानूर, या सगळ्या नद्या याच डोंगरातून खाली उतरतात आणि तिन्हींवर पायथ्याशी धरणं आहेत. त्याच्याही पलीकडे, दर्यापूर-अकोटकडे, खारपाणपट्टा सुरू होतो, जिथे विहीर खणली तर खारं पाणी लागतं. तिथल्या गावांचे नळ या डोंगराच्या पाण्यावर चालतात.

कॉलेजमध्ये भूगोलाच्या सरांनी सांगितलं होतं ते तेव्हा डोक्यावरून गेलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत एक मोठी भेग आहे, गाविलगड भ्रंश म्हणतात तिला. तिच्या उत्तरेचा भाग वर राहिला, दक्षिणेचा खचला. त्या खचलेल्या खोलगटात पूर्णा नदीने लाखो वर्षं गाळ आणून टाकला, तो आज शेकडो मीटर खोल आहे. त्या गाळावर आमचा कापूस उभा आहे. ज्या काळ्या बेसाल्टच्या कड्यावर मी बसले होते, तसाच बेसाल्ट आमच्या वावराच्या खाली कुठेतरी खोल आहे. गंमत म्हणजे या डोंगराच्या उत्तर उतारावरची सिपना तापीला मिळते आणि दक्षिण उतारावरच्या नद्या पूर्णेतून जाऊन शेवटी तापीलाच मिळतात.

"मावशी, आपलं घर दिसते काय?"

दिसत नव्हतं. गावं म्हणजे झाडांचे ठिपके होते आणि असे पन्नास ठिपके होते. पण ऊन होतं. भाचीने आरसा काढला आणि साधारण घर जिथे असावं तिकडे तो हलवत बसली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मी तिचे फोटो काढले. मग ऊन गेलं.

तेव्हा अडीच वाजले होते. परत फिरायला हरकत नव्हती. पण दक्षिणेचं टोक अजून पुढे होतं आणि मी पुण्याहून टोक गाठायला आले होते. आम्ही पुढे गेलो.

ढग वरून खाली येतो असं मला वाटायचं. तो खालून वर आला. आधी ते चौकोन पुसले गेले, मग पायथ्याची झाडं, मग कडा. दहा मिनिटांत पाच हातांवरचं झाड फक्त काळा डाग राहिलं. पाऊस नव्हता, नुसतं ओलं पांढरं. भाची आधी खूश झाली. तोंड उघडून ढग खात होती.

मी फोन काढला. रेंज नव्हती, पण नकाशा डाउनलोड केलेला होता. निळा ठिपका आला. त्यावर एक तुटक रेघ दिसत होती, आम्ही आलो त्या वाटेपेक्षा बरीच छोटी, सरळ दरवाज्याकडे जाणारी. मी म्हणाले, इकडून जाऊ, लवकर पोचू.

आता विचार करते तेव्हा कळतं की तो ठिपका सतत थोडा थोडा सरकत होता, आम्ही उभ्या असतानाही. एकदा तर तो तटाच्या बाहेर, हवेत होता. मी ते बघितलं आणि तरी त्याच्या मागे गेले. सह्याद्रीत मी नवीन मुलांना काय सांगते? धुकं आलं की जागेवर थांबा. वाट सोडू नका. शिट्टी वाजवा. शिट्टी माझ्या ट्रेकच्या सॅकला कायमची बांधलेली असते आणि ती सॅक पुण्यात होती. घरच्या डोंगरावर कशाला हवी एवढी तयारी, असं वाटून मी बहिणीची कॉलेजची बॅग घेऊन आले होते.

गवत उंच झालं. मी पुढे, भाची माझी बॅग धरून मागे. एक पाऊल टाकलं आणि ते गुडघ्यापर्यंत आत गेलं. खाली माती नव्हती. तटाचे दगड होते, मधे फट होती आणि तिच्यावर गवत वाढून सपाट झालं होतं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हा किल्ला निकामी करून टाकला. त्यानंतरची सगळी पडझड पावसाने आणि मुळांनी केली आहे. आपल्याला पायाखाली जमीन वाटते ती अशी असते.

मी पाय ओढून काढताना एक दगड सुटला. तो आदळल्याचा आवाज ऐकायला आम्ही दोघी थांबलो. आवाज आला. पण इतक्या वेळाने आला की तोवर भाचीने माझी बॅग सोडून माझा हात धरला होता.

मी फोन बंद केला. आम्ही उलट्या दिशेने, बसून, हाताने चाचपत, पंधरा-वीस फूट मागे आलो. एका पडक्या भिंतीला पाठ लागली तेव्हा थांबलो. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानंतरचा सव्वा तास आम्ही हललो नाही. अंगावर एकच रेनकोट ओढून बसलो. दोन पार्ले-जीचे पुडे होते, ते संपवले. ओरडून बघितलं. धुक्यात आपला आवाज उशीत तोंड खुपसून ओरडल्यासारखा येतो. मग कुठेतरी वानरं खकारायला लागली आणि आम्ही ओरडणंही बंद केलं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे, १९७३-७४ पासूनचा, ही माहिती मला त्या क्षणी नको होती. भाचीला ती शाळेतून पाठ होती. ती काही बोलली नाही, पण तिला आठवलंय हे मला तिच्या हातावरून कळलं.

तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी गोष्ट सांगायला घेतली. आपण बसलोय तिथेच झालेली लढाई. १८०३ सालचा नोव्हेंबर संपत आलेला. आपल्या तेल्हाऱ्याकडचं अडगाव आहे ना, तिथे इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे बारा वर्षांनी वाटर्लूला नेपोलियनला हरवणार होता. उरलेली फौज या किल्ल्यात आली. किल्लेदार बेनीसिंग, राजपूत. तिन्ही बाजूंनी कडे.

"मंग हारले कायले?"

कारण चौथी बाजू होती. उत्तरेकडे किल्ला चिखलदऱ्याच्या पठाराला जोडलेला आहे, आपण आलो ती बाजू. वेलस्ली स्वतः खाली दक्षिणेला थांबला आणि कर्नल स्टीव्हन्सनला त्याने डोंगराला वळसा घालून मागून पाठवलं. रस्ता नव्हताच. ७ डिसेंबरपासून १२ डिसेंबरपर्यंत, सुमारे तीस मैल, वाट फोडत, तोफा माणसांच्या हातांनी ओढत ते वर आले. १५ तारखेला भिंतीला खिंडार पाडून आत शिरले. आतली भिंत शाबूत होती, तर शिड्या लावून चढले. बेनीसिंग लढताना मेला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, खाली देवगावला भोसल्यांशी तह झाला. आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला, तो कुठे? आपल्या अंजनगाव सुर्जीला.

"आपल्या?"

"आपल्याच."

त्यातला एक भाग मी गाळला. किल्ला पडणार असं दिसल्यावर आतल्या बायका-मुली शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांना मारायचं ठरलं होतं, काहींना मारलंही, असं त्या वेळच्या इंग्रजांच्या नोंदींत आहे. हे मी आधी कधीतरी वाचलं होतं, वाचून पान उलटलं होतं. तिथे, त्याच भिंतींच्या आत, तेरा वर्षांच्या मुलीचा हात हातात घेऊन बसलेली असताना ते वेगळ्या तऱ्हेने आठवलं. आपण किल्ल्यावर जाऊन इतिहास इतिहास करतो त्यात हे फार कमी वेळा येतं.

गोष्ट संपली. उजेड कमी व्हायला लागला. झुडपांत काहीतरी जड चाललं आणि थांबलं. मी मनात हिशोब करत होते की रात्र काढायची तर काय काय आहे. एक रेनकोट, अर्धी बाटली पाणी, वीस टक्के बॅटरी. आणि बहिणीला काय सांगायचं.

तेव्हा हाक आली. खूप लांबून.

"अंजनगाव! ओ अंजनगाव!"

आधी मला वाटलं भास झाला. एवढ्या पांढऱ्यातून कुणी आपल्या गावाचं नाव घेतंय. भाची उठून उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "ओsss! इकडे!"

"वहींच रुको! हिलना नहीं!"

चौकीतले काका होते. हातात काठी, डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ. पाच वाजता त्यांनी वही बघितली होती. त्या दिवशीच्या सगळ्या ओळींत बाहेर पडण्याची वेळ लिहिलेली, एकच रकाना मोकळा. नावापेक्षा गावाचं अक्षर मोठं होतं, म्हणून ते गाव ओरडत आले.

त्यांनी रागावून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त आम्ही बसलो होतो ती जागा बघितली, मग तटाकडे बघितलं, आणि भाचीला आपल्या मागे आणि मला तिच्या मागे उभं केलं.

ते तटाकडून चाललेच नाहीत. खाली बघत चालले. गवतात बोटभर जाडीचा एक ओहळ होता, त्याच्या बाजूने. मी विचारलं तर म्हणाले, "ये पानी तालाब में जाता है. तालाब से रस्ता है."

म्हणजे पाण्याच्या मागे गेलं की वाट सापडते का, मी विचारलं. मला लगेच ट्रेकचा नियम करायचा होता.

ते थांबले. "सब पानी नहीं बाई. वो उधर का पानी तो नीचे गिरता है." मग आमच्या ओहळाकडे काठी दाखवून म्हणाले, "ये वाला."

किल्ल्यात वेढा पडला तर पाणी हवं म्हणून बांधणाऱ्यांनी आतल्या उताराचं पाणी तलावांत उतरवलं होतं. काही ओहळ तलावाकडे, काही कड्यावरून खाली. कुठला कुठे जातो हे नकाशात नाही. ते ज्याला रोज इथे यावं लागतं त्यालाच माहीत.

चालता चालता भाचीने त्यांना विचारलं, ते कुठे राहतात. चिखलदऱ्याजवळच, म्हणाले. सासरवाडी वैराटची होती. वैराट म्हणजे या रांगेतली सगळ्यात उंच जागा, चिखलदऱ्याहूनही वर. व्याघ्रप्रकल्पातल्या काही गावांचं पुनर्वसन झालं त्यात ते गावही उठलं. मी विचारलं, आता ते लोक कुठे आहेत.

"नीचे. मैदान में." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "वहाँ से पहाड़ दिखता है."

एवढंच. मी त्यावर काही बोलले नाही. मलाही पुण्यात घरून फोटो येतो तेव्हा मी मागे डोंगर दिसतोय का ते बघते, हे सांगावंसं वाटलं. पण माझी नोकरी मी निवडली होती, आणि त्यांच्या सासऱ्यांचं गाव उठलं होतं. दोन्ही गोष्टी एक नाहीत. गप्प राहिले ते बरं झालं.

चौकीत पोचलो तेव्हा जवळजवळ अंधार होता. मी पर्समधून पाचशेची नोट काढली. त्यांनी वही पुढे केली.

"पहले टाइम लिखो."

मी लिहिलं. ६:३५. सही केली. हात थरथरत होता म्हणून ती माझी सही वाटत नाही. काकांनी वही मिटली, पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. त्यांचं काम तेव्हा संपलं. नोट त्यांनी घेतली नाही. भाचीने आरसा पुढे केला, तर हसले.

चिखलदऱ्याच्या स्टँडजवळ आलो आणि फोनला रेंज आली. फोन एकदम थडथडायला लागला. आईचे अकरा मिस्ड कॉल. आई टाइप करत नाही, व्हॉइस मेसेज पाठवते. तीन होते.

पहिला तीन वाजून पाच मिनिटांनी. "काय वं, डोंगर अर्धा झाला. निघाल्या काय?"

दुसरा साडेतीनला. "डोंगर दिसून नाही राह्यला. कुठी हाय वं तुम्ही? पोट्टीले घेऊन लवकर येजो माय."

तिसरा चार वाजून वीस मिनिटांनी. त्यात बोलणं नव्हतंच. पावसाचा आवाज होता, टिनावर पडणारा, आणि मधे आईचा श्वास. बटण दाबून धरलं आणि काय बोलावं ते सुचलं नाही असं झालं असणार. सव्वीस सेकंद.

मी निळ्या ठिपक्याकडे बघत होते त्या वेळी पंचवीस-तीस किलोमीटरवर, वावराच्या धुऱ्यावर, माझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी ढगाच्या आत होते, म्हणून मला ढग दिसत नव्हता. तिला पूर्ण दिसत होता. फक्त मधे रेंज नव्हती.

काळी-पिवळी पकडून परतवाडा, तिथून शेवटची एसटी. घरी पोचायला साडेदहा झाले. आई दारात बसली होती. भाचीने सगळं सांगितलं, काहीच न गाळता, दगड पडल्याचंसुद्धा. आईने ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "जेवली काय?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पुण्याला निघताना बॅगेत रोडगे भरताना एकदाच म्हणाली, "तुले पुण्याचे डोंगर माईत असतीन. हा नाही."

डिसेंबरात मी परत गेले. भाचीबरोबर, बूट तिलाही घेऊन, शिट्टी दोघींच्या गळ्यात. चौकीत त्या दिवशी दुसरंच कुणी होतं. वही तीच होती, पानं पुढची. आत जाण्याची वेळ दहा. हवा इतकी स्वच्छ होती की खालच्या रस्त्यावरचे ट्रक मोजता येत होते. ऑगस्टमध्ये आम्ही बसलो होतो ती भिंत शोधली. ती तटापासून बारा पावलांवर होती. आम्ही दोघींनी मोजली आणि मग कुणीच काही बोललं नाही. टोकापर्यंत गेलो नाही. जायचं ठरवलं असतं तर जमलं असतं, पण तिथून जेवढं दिसत होतं तेवढं पुरेसं होतं.

भाचीने आरसा काढला. या वेळी ऊन भरपूर होतं. ती पंधरा मिनिटं घराच्या दिशेने चमकावत होती, हात दुखेपर्यंत. बाहेर पडण्याची वेळ आम्ही दीडची लिहिली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने विचारलं, "आजी, दिसलं काय?"

"काय दिसलं?"

"आरसा! डोंगरावून! कित्ती वेळ चमकावत होतो मी!"

आई दिवसभर कापूस वेचत होती. वेचणाऱ्याची मान वर होत नाही. तिने ओट्यातला शेवटचा कापूस गाठोड्यात टाकला आणि डोंगराकडे बघितलं. तो होता तिथेच होता, संध्याकाळचा निळा.

"डोंगर तं साफ होता आज," ती म्हणाली. "मंग कायले पाहू?"